वलंदेजांची भाषा, रोमानियाची भाषा आणि माणची मराठी

माण म्हटले, की राज्यातील बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सातारा जिल्ह्यातील दुष्काळी तालुका उभा राहतो. मुळशी तालुक्यातील माण निराळे. हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा या गावाच्या हद्दीत आला आणि भातखाचरांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. शिवाजीनगरकडे जाणाऱ्या मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेचे एक टोक माणलाच आहे. ग्रामपंचायतीच्या पाटीवर मराठी, बोडकेवाडीच्या फाट्यावरील चहाच्या टपरीवर हिंदी आणि इमारतीच्या आत इंग्रजी, अशी येथील भाषांची वाटणी आहे. ज्या युरोपीय ग्राहकांसाठी या इमारतींत काम चालते, त्यांची भाषा मात्र येथे क्वचितच कानी पडते.

तिची गरजही फारशी भासलेली नाही. नेदरलँड्समधील एबीएन अॅम्रो या बँकेने २००५ मध्ये आपल्या संगणकीय कामाचा मोठा वाटा बाहेर देण्याचे ठरवले, तेव्हा टीसीएस, इन्फोसिस आणि पटनी या भारतीय कंपन्यांना त्यातील कामे मिळाली. २०१९ मध्ये इन्फोसिसने याच बँकेच्या 'स्टेटर' या गृहकर्ज व्यवस्थापन कंपनीचा पाऊण हिस्सा विकत घेतला. हिंजवडीत मुख्यालय असलेल्या टाटा टेक्नॉलॉजीजचे अभियंते रोमानियातील ब्राशोव येथेही काम करतात. हा सगळा व्यवहार इंग्रजीतून होतो. येथील हजारो संगणक अभियंते रोज ज्या पायथॉन या प्रणालीत आज्ञावली लिहितात, ती गुइडो व्हॅन रॉसम यांनी अॅमस्टरडॅमच्या गणित व संगणकशास्त्र संस्थेत तयार केली आणि १९९१ मध्ये खुली केली. तिच्यातील झाडून सारे शब्द इंग्रजी आहेत. कार्यालयीन कामे यंत्राकडून करून घेणारी 'यूआयपाथ' ही प्रणाली बुखारेस्टमध्ये जन्मली. तिनेही जगात जाताना रोमानियन भाषा सोबत घेतली नाही.

तंत्रज्ञान जगभर गेले, पण भाषा घरीच राहिली. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून अमुक इतक्या देशांत मराठी बोलली जाते, असे आकडे व्यासपीठांवरून उत्साहाने सांगितले जातात. त्या पार्श्वभूमीवर डच आणि रोमानियन या दोन भाषांचा जागतिक नकाशा नीट पाहण्याजोगा आहे. दोन्ही भाषांचे मातृभाषक प्रत्येकी अडीच कोटींच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेत नोंदलेल्या ८ कोटी ३० लाख मराठी भाषकांच्या एक तृतीयांशाहून कमी. तरीही दोन्ही युरोपीय संघाच्या अधिकृत भाषा आहेत. त्यांतील एक साम्राज्याच्या जोरावर समुद्रापार गेली, दुसरी सरकत्या सीमांमुळे आणि मजुरांच्या पायांनी पसरली. दोघींच्या नकाशांतील रंग कोठे टिकला आणि कोठे उडाला, यात मराठीसाठी बरेच काही आहे.

राज्य गेले, भाषाही गेली

डच आपल्याला अगदीच परके नाहीत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात ज्या टोपीकरांपासून सावध राहण्यास सांगितले आहे, त्यांत 'वलंदेज' आहेत, ते हेच. गोव्यातील पोर्तुगीजांची कोंडी करण्यासाठी त्यांनी १६३७ च्या सुमारास वेंगुर्ल्यात वखार घातली. तेथून लिहिलेली त्यांची पत्रे शिवकालाच्या अभ्यासकांना आजही उपयोगी पडतात. वखारीचे भग्नावशेष उरले आहेत. वेंगुर्ल्यात डच भाषा मात्र औषधालाही सापडणार नाही. पूर्व किनाऱ्यावरही तेच. नागपट्टणम १६५८ ते १७८१ या काळात डचांकडे होते आणि शेजारच्या तंजावरात १६७६ पासून एकोजी भोसल्यांचे मराठी राज्य. एकाच मुलखात दोन परक्या भाषा सत्तेच्या आधाराने नांदत होत्या. त्यांतील मराठी निदान घरांतून उरली, डच तेवढीही उरली नाही.

याहून बोलके उदाहरण इंडोनेशियाचे. बटाव्हिया, म्हणजे आजचे जाकार्ता, हे शहर डचांनी १६१९ मध्ये वसवले आणि तीनशे वर्षांहून अधिक काळ त्या द्वीपसमूहावर त्यांचा अंमल राहिला. आज तेथे डच बोलणारे शोधावे लागतात. याचे कारण डचांच्याच धोरणात होते. त्यांनी आपली भाषा सामान्य प्रजेला शिकवली नाही. कारभार मलय भाषेतून चालवायचा आणि डच शाळा मूठभर उच्चवर्गीयांपुरत्या ठेवायच्या, हा त्यांचा शिरस्ता होता. १९४२ मध्ये जपान्यांनी डच वापरावर बंदी घातली आणि १९४९ मध्ये सत्तांतर झाले. दरम्यान मलयचेच रूप असलेली इंडोनेशियन ही राष्ट्रभाषा झाली होती. वसाहतकालीन फौजदारी कायद्यामुळे वकिलांना डच ग्रंथ चाळावे लागत. तो कायदा बदलणारी नवी दंडसंहिता २०२२ मध्ये संमत झाली आणि तिच्या अंमलासाठी २ जानेवारी २०२६ ही तारीख ठरली.

शब्द मात्र मागे राहिले, आणि ते चाकण-भोसरीच्या वाचकाला गंमत वाटावी असे आहेत. इंडोनेशियात गाडीच्या ब्रेकला 'रेम', सायलेन्सरला 'क्नालपोट', जॅकला 'डोंगक्राक' आणि गॅरेजला 'बेंगकेल' म्हणतात. हे सारे डच. कचेरी म्हणजे 'कांतोर', तेही डच. यंत्र ज्याचे, नाव त्याचे, हा नियम आपल्याकडील वर्कशॉपांतही दिसतो. फरक एवढाच, की आपल्याकडे ती नावे इंग्रजांची आहेत. अर्थात इंग्रजीनेही डचांकडून उचल केली आहे. माणमधील कार्यालयांत दिवसातून शंभर वेळा उच्चारला जाणारा 'बॉस' हा शब्द मूळ डच 'बास'. न्यूयॉर्क हे न्यू अॅमस्टरडॅम होते, त्या काळाची ती आठवण. संकेतस्थळे आपल्या संगणकावर सोडतात ती 'कुकी'देखील डचच.

आता सुरीनाम पाहा. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील या जेमतेम सहा लाख वस्तीच्या देशात डच ही आजही राजभाषा आहे. १८७३ मध्ये कलकत्त्याहून 'लल्ला रूख' हे जहाज गिरमिटिया मजूर घेऊन पारामारिबोला पोचले आणि पुढील त्रेचाळीस वर्षांत सुमारे चौतीस हजार भारतीय तेथे नेण्यात आले. त्यांच्या भोजपुरी-अवधीतून 'सरनामी' ही बोली घडली. जावातून मजूर आले, आफ्रिकी गुलामांचे वंशज तेथे होतेच. एवढ्या भाषांच्या गर्दीत डच टिकली ती १८७६ च्या सक्तीच्या शिक्षणामुळे. नेदरलँड्समध्ये शिक्षण सक्तीचे होण्याच्या सुमारे पाव शतक आधी सुरीनाममध्ये ते झाले, आणि त्याचे माध्यम डच होते. मळेवाल्याच्या आणि मजुराच्या मुलाला एकच भाषा शिकावी लागली. १९७५ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावरही ती सोडण्याची सोय उरली नव्हती, कारण वेगवेगळ्या समाजांना जोडणारी लिखित भाषा तीच होती. २००४ मध्ये तर नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या सामायिक भाषासंघात सुरीनाम सहयोगी सदस्य म्हणून दाखल झाला.

सक्तीची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. दक्षिण आफ्रिकेत डचमधून आफ्रिकान्स ही भाषा जन्मली आणि १९२५ मध्ये तिला अधिकृत स्थान मिळाले. वर्णद्वेषी राजवटीने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर ती माध्यम म्हणून लादली, तेव्हा १६ जून १९७६ रोजी सोवेटोत मुले रस्त्यावर उतरली आणि गोळ्यांना बळी पडली. शाळा भाषा जगवते, तशी ती भाषेबद्दल पिढ्यान्‌पिढ्यांचा द्वेषही पेरू शकते.

युरोपातील बेळगाव

सीमाभागातील वाचकाला बेल्जियमची कथा परकी वाटणार नाही. या देशाच्या उत्तरेत, फ्लँडर्समध्ये, साठ लाखांहून अधिक लोक डच बोलतात, तर दक्षिणेत फ्रेंच. १९६२-६३ मध्ये कायद्याने भाषिक सीमारेषा आखली गेली. त्यात फूरेन ही चारेक हजार वस्तीची सहा खेडी फ्रेंचभाषक लीज प्रांतातून काढून डचभाषक लिंबर्ग प्रांताला जोडण्यात आली. त्यावरून वाद इतका चिघळला, की १९८७ मध्ये केंद्रातील सरकार कोसळले. ल्यूव्हेनचे शतकांपूर्वीचे विद्यापीठ १९६८ मध्ये भाषेवरून दुभंगले. फ्रेंच भागासाठी नवे गाव वसवावे लागले आणि ग्रंथालयातील पुस्तकांचीही वाटणी झाली.

आपल्याकडे महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा दावा ८६५ गावांवर, आणि सर्वोच्च न्यायालयातील दावा २००४ पासूनचा. बेल्जियमने रेषा आखण्याबरोबर दोन्हीकडील अल्पसंख्याकांसाठी काही खेड्यांत आणि शहरांत भाषिक सवलतीही कायद्यात लिहून ठेवल्या. त्या अपुऱ्या असतील, वादग्रस्त तर आहेतच; पण आपल्या भाषेत दाखला मागण्याचा हक्क तेथे कायद्याच्या पुस्तकात सापडतो. २०११ च्या जनगणनेत कर्नाटकात सुमारे वीस लाख मराठी भाषक नोंदले गेले. निकाल लागेल तेव्हा लागेल. तोपर्यंत सातबारा आणि शाळा कोणत्या भाषेत मिळणार, हा तेथील माणसाचा रोजचा प्रश्न आहे आणि तो रेषेच्या वादाखाली दबून गेला आहे.

एकच भाषा, दोन नावे

रोमानियनने समुद्र ओलांडून राज्य केले नाही. इसवी सन १०६ मध्ये रोमनांनी जिंकलेल्या डेसिया प्रांतातील लॅटिनची ही लेक चहूबाजूंनी स्लाव्ह आणि हंगेरियन भाषांच्या वेढ्यात राहिली. आर्यभाषाकुळाच्या दक्षिण टोकावर कानडी-तेलुगूच्या शेजारात वाढलेल्या मराठीशी तिचे हे साम्य लक्षणीय आहे. आपण 'अण्णा', 'अक्का', 'तूप' द्रविड शेजाऱ्यांकडून घेतले, तर रोमानियनने होकाराचा 'दा' स्लाव्ह शेजाऱ्यांकडून. महाराष्ट्राशी तिचा संबंध आला तो मोटारीतून. महिंद्र आणि रेनॉ यांनी २००७ मध्ये नाशिकमध्ये बनवायला घेतलेली 'लोगान' ही मूळची रोमानियातील 'डाचिया' कंपनीची गाडी. पुढे ती 'व्हेरिटो' नावाने धावली.

रोमानियाबाहेर ही भाषा मुख्यतः मोल्दोव्हात बोलली जाते. तो प्रदेश १८१२ मध्ये रशियाने घेतला, १९१८ मध्ये रोमानियाला मिळाला, १९४० मध्ये सोव्हिएत संघाने बळकावला. तेथील भाषा रोमानियन नसून 'मोल्दोव्हन' नावाची स्वतंत्र भाषा आहे, असे सोव्हिएत सत्तेने ठरवले आणि तिला रशियन लिपी दिली. ३१ ऑगस्ट १९८९ रोजी लॅटिन लिपी परत आली. तो दिवस तेथे आजही भाषादिन म्हणून पाळला जातो. नावाचा घोळ मात्र चालूच राहिला. १९९४ च्या राज्यघटनेने पुन्हा 'मोल्दोव्हन' म्हटले, २०१३ मध्ये घटना न्यायालयाने 'रोमानियन' हे नाव ग्राह्य धरले आणि मार्च २०२३ मध्ये संसदेने सर्व कायद्यांत तो बदल केला. गोव्यात वाद उलट दिशेने होता. कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, यावर माणसे दुरावली. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली आणि १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान देताना मराठीच्या वापराचीही तरतूद ठेवली. भाषाशास्त्राने दिलेले उत्तर राजकारणाला पचायला वेळ लागतो, एवढे दोन्हीकडे सारखे.

रोमानियनचा ताजा प्रसार मजुरांनी केला. २००७ मध्ये देश युरोपीय संघात आला आणि लाखो रोमानियन बांधकामांवर, शेतांत, वृद्धांच्या सेवेसाठी इटली-स्पेनकडे निघाले. इटलीत त्यांची संख्या दहा लाखांहून अधिक असून तेथील परदेशी नागरिकांत ते पहिल्या क्रमांकावर आहेत. रिकाम्या झालेल्या जागा भरण्यासाठी रोमानियाने अलीकडे नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश आणि भारतातून माणसे आणायला सुरुवात केली; २०२२ पासून सलग तीन वर्षे परदेशी कामगारांसाठी वर्षाला एक लाखाची मर्यादा ठरवण्यात आली.

येथे एक गोष्ट विशेष नोंद घेण्याजोगी आहे. रोमानियाच्या शिक्षण मंत्रालयाने २००७ पासून इटली, स्पेन, बेल्जियम अशा देशांतील शाळांत आपल्या स्थलांतरितांच्या मुलांसाठी रोमानियन भाषा व संस्कृतीचे वर्ग चालवले. शिक्षकांची सोय सरकारची. श्रीमंत नसलेल्या देशाने गवंड्यांच्या आणि मोलकरणींच्या मुलांसाठी हे केले.

घरातली भाषा किती पिढ्या

मराठीच्या नकाशाकडे या नजरेने पाहिले, की देशांची संख्या मोजणे किती फसवे आहे ते कळते. तंजावरात १८५५ मध्ये राज्य खालसा झाले. सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी हस्तलिखिते आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरील १८०३ चा भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आजही आहे. घरांतली तंजावरी मराठीही काही कुटुंबांत आहे; पण शिक्षण तमिळ-इंग्रजीत असल्याने वाचता येणारे थोडे. मॉरिशसमध्ये उलटे झाले. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर गेलेल्यांच्या वंशजांना शाळेत ऐच्छिक विषय म्हणून मराठी शिकता येते, महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे. घरात मात्र क्रिओलने तिची जागा घेतली. इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायल समाजाने 'मायबोली' हे मराठी नियतकालिक चालवले, कीर्तनाची परंपरा जपली. तेथील नातवंडे हिब्रूत वाढली.

माण-हिंजवडीतून अॅमस्टरडॅम, आइंडहोव्हनकडे जाणाऱ्या कुटुंबांपुढे हेच वळण आहे. उच्चकुशल कामगार म्हणून जाणाऱ्याला नेदरलँड्समध्ये डच भाषेची अट नसते. कार्यालयात इंग्रजी चालते. दुकानदारही इंग्रजी बोलतो. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या देशांच्या इंग्रजी पाहणीत डच लोक वर्षानुवर्षे पहिले येत आले आहेत. पाच वर्षांनी कायम वास्तव्याचा किंवा नागरिकत्वाचा अर्ज करताना मात्र डचची परीक्षा आडवी येते. तोवर मूल स्थानिक शाळेत गेलेले असेल, तर ते आईवडिलांना डच शिकवू लागते. स्थलांतरितांच्या मातृभाषेच्या वर्गांना मिळणारा सरकारी निधी डच सरकारने २००४ मध्ये बंद केला. तेव्हा मराठीची सारी भिस्त घरावर आणि शनिवार-रविवारच्या वर्गांवर. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाने भारती विद्यापीठाच्या सहकार्याने मराठी शाळांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा उभ्या केल्या. हे काम मोठे आहे, पण ते स्वयंसेवक पालकांच्या बळावर चालते.

महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र मराठी भाषा विभाग आहे. २०२४ मध्ये राज्याचे मराठी भाषा धोरणही मंजूर झाले. परदेशातील संमेलने आणि मंडळांना मदत करण्याची भाषा सरकार नेहमी करते. रोमानियाप्रमाणे शिक्षक नेमून, त्या देशाच्या शाळेशी करार करून मुलांना नियमित शिकवणे ही निराळी गोष्ट आहे. त्यासाठी राज्याला परराष्ट्र खात्यामार्फत जावे लागेल. हे कटकटीचे खरे, परंतु एका संमेलनाच्या खर्चात किती शिक्षक वर्षभर पोसता येतील याचा हिशेब मांडायला कोणाची हरकत नसावी.

आणि हा हिशेब माणपासूनही मांडता येईल. औद्योगिक पट्ट्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत आज मराठवाडा-विदर्भातून आलेल्या कामगारांबरोबर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेल्या मजुरांची मुलेही बसतात. इमारती बांधणाऱ्यांची ही मुले वर्षा-दोन वर्षांत मराठी बोलू-लिहू लागतात. त्याच इमारतींत काम करणाऱ्यांची मुले बहुतांशी इंग्रजी माध्यमात, त्यातही केंद्रीय मंडळांच्या शाळांत जातात. २०२० च्या कायद्याने तेथेही मराठी सक्तीची केली. मात्र करोनाकाळाचे कारण देऊन एका तुकडीला गुणांऐवजी श्रेणीची सवलत देण्यात आली आणि कायद्याचा धाक तेवढा कमी झाला. सुरीनामचा दाखला पाहता, पन्नास वर्षांनी माणमध्ये मराठी कोण बोलत असेल याचा अंदाज बांधायचा असेल, तर बोडकेवाडीच्या टपरीपेक्षा या दोन शाळांचे हजेरीपट अधिक उपयोगी पडतील.